धंद्यातलं नको असलेलं सामान दुसऱ्याच्या कामी लावणारी पोर्टलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिस हलवताना, शाखा बंद करताना किंवा गोदाम आवरताना वापरण्याजोगं बरंच सामान निघतं. टेबलं, खुर्च्या, कपाटं, रॅक, मॉनिटर, खोक्यातून बाहेरही न काढलेली स्टेशनरी. असं सामान दुसऱ्या धंद्याला, शाळेला किंवा संस्थेला मिळवून देणारी पोर्टलं आता बऱ्याच देशांत चालतात. प्रशासन, स्टोअर्स आणि खरेदी विभागातले लोक त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबलचक आहेत, कारण घोळ तिथेच होतात.

ही पोर्टलं नेमकं काय करतात?

देणारा आपल्याकडच्या सामानाची नोंद टाकतो: काय आहे, किती नग आहेत, कशा अवस्थेत आहेत, कुठे ठेवले आहेत आणि कधीपर्यंत उचलायला हवेत. ज्याला गरज असेल तो मागणी नोंदवतो. देणाऱ्याने होकार दिला की उचलायची वेळ ठरते, सामानाचा ताबा दिला जातो आणि दोघांच्या हाती कागद राहतो. बहुतेक पोर्टलांचं स्वतःचं गोदाम नसतं. सामान देणाऱ्याच्या दारातून थेट घेणाऱ्याच्या दारात जातं.

या कामाला इंटरनेटच्या आधीचा इतिहास आहे. न्यूयॉर्कमधल्या ‘मटेरियल्स फॉर द आर्ट्स’ या शहर पालिकेच्या उपक्रमाची सुरुवात १९७८ मध्ये झाली ती एका फ्रिजच्या शोधातून. प्राणिसंग्रहालयाला जनावरांची औषधं ठेवायला फ्रिज हवा होता. रेडिओवरून तसं सांगितल्यावर फ्रिज द्यायला अनेकजण पुढे आले. आज तिथे कंपन्यांकडचं उरलेलं कापड, कागद, फर्निचर शाळांना आणि कलासंस्थांना मिळतं. घरगुती सामानासाठी ‘फ्रीसायकल’ हे जाळं २००३ मध्ये अमेरिकेतल्या ट्यूसन शहरातून सुरू झालं. धंद्यांसाठीची पोर्टलं त्याच वाटेवरची आहेत. फरक असा की धंद्यात एका वेळी एक खुर्ची निघत नाही, दोनशे निघतात, आणि प्रत्येकीची नोंद कुठल्या तरी रजिस्टरात असते.

भंगारात दिलं तरी त्याचं रिसायकलिंग होतंच ना? मग एवढा खटाटोप कशासाठी?

ऑफिसची एक फिरती खुर्ची घ्या. भंगारात गेल्यावर तिचा लोखंडी आणि ॲल्युमिनियमचा भाग वितळून कामी येतो. फोम, कापड, चिकटवलेलं प्लायवुड आणि मिश्र प्लॅस्टिक बहुतेक वेळा जाळलं जातं किंवा पुरलं जातं. तीच खुर्ची दुसऱ्या ऑफिसात गेली तर ती अख्खी वापरली जाते आणि तिथे नवी खुर्ची घ्यावी लागत नाही. म्हणूनच युरोपीय संघाच्या २००८ च्या कचरा निर्देशात पाच पायऱ्यांचा क्रम घालून दिला आहे: आधी कचरा होऊच न देणं, मग वस्तू पुन्हा वापरण्यासाठी तयार करणं, त्यानंतर रिसायकलिंग, मग ऊर्जा वगैरे मिळवणं आणि अगदी शेवटी विल्हेवाट. रिसायकलिंग या यादीत तिसरं आहे.

इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाबतीत तर ‘रिसायकल होतंच’ हे गृहीतच चुकीचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झालेला भाग होता २२.३ टक्के.

नोंद कधी टाकायची?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

जागा सोडायची तारीख बहुतेक ठिकाणी काही महिने आधी ठरलेली असते. नव्या फर्निचरची ऑर्डर गेलेली असते, भाडेकराराची मुदत कागदावर असते. तरी जुन्या सामानाचा विचार सुरू होतो शेवटच्या आठवड्यात. तोपर्यंत जागेच्या मालकाला चाव्या द्यायची वेळ आलेली असते, लिफ्ट नव्या सामानासाठी अडकलेली असते, आणि कुणीतरी वैतागून म्हणतं, ‘ट्रक बोलवा आणि सगळं भरा.’ चांगल्या स्थितीतलं सामान फुकट जातं ते बहुतेक वेळा असं. घेणारे नसतात असं नाही. पण घेणाऱ्यालाही मंजुरी घ्यावी लागते, जागा मोजावी लागते, गाडी ठरवावी लागते. शाळेला किंवा लहान संस्थेला हे चार दिवसांत जमत नाही.

म्हणून जागा सोडायचं ठरलं की लगेच नोंद टाका, सामान वापरात असतानाच. ‘अमुक तारखेनंतर उपलब्ध’ असं लिहायची सोय बहुतेक पोर्टलांवर असते. शक्य असेल तर दोन-तीन महिने हाताशी ठेवा. वापरात असलेल्या टेबलाचा फोटोही चांगला येतो. तळघरात एकावर एक रचलेल्या टेबलांचा फोटो पाहून कुणाला ते घ्यावंसं वाटत नाही.

लवकर हालचाल करण्याला कायद्याचंही एक कारण आहे. युरोपीय संघाच्या कायद्यात कचऱ्याची व्याख्या वस्तूच्या अवस्थेवर ठरत नाही. ज्याच्याकडे ती आहे तो ती टाकून देतो, टाकून द्यायचा इरादा ठेवतो किंवा टाकून देणं त्याला भाग असतं, तेव्हा ती कचरा ठरते. म्हणजे धडधाकट कपाट एकदा का कचऱ्याच्या कंटेनरमध्ये टाकलं, की त्याच्या वाहतुकीला आणि हाताळणीला कचऱ्याचे नियम लागू शकतात. तेच कपाट आधीच ‘देण्यासाठी’ म्हणून नोंदवलं आणि थेट घेणाऱ्याकडे गेलं, तर ते सामानच राहतं. इतर देशांत शब्द वेगळे असतील, पण हा भेद बऱ्याच ठिकाणी आहे.

पोर्टलं कुठल्या कुठल्या प्रकारची असतात?

काही फक्त एका मोठ्या संस्थेच्या आत चालतात. एका विभागाला नको असलेलं कपाट दुसऱ्या विभागाला आधी दिसतं, तिथे कुणी घेतलं नाही तरच ते बाहेरच्यांसाठी खुलं होतं. ब्रिटनमध्ये सुरू झालेलं ‘वॉर्प इट’ याच धर्तीवरचं आहे. विद्यापीठं, रुग्णालयं आणि पालिका ते वापरतात. माझ्या मते मोठ्या संस्थेने सुरुवात इथूनच करावी. एकाच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खुर्च्या भंगारात काढल्या जातात आणि पाचव्या मजल्यावरून नव्या खुर्च्यांची मागणी जाते, हे सर्रास घडतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

दुसरा प्रकार खुला बाजार: कुठल्याही धंद्याने टाकावं, कुठल्याही धंद्याने किंवा संस्थेने घ्यावं. तिसऱ्या प्रकारात मध्ये एक धर्मादाय संस्था असते. ब्रिटनमधली ‘इन काइंड डायरेक्ट’ ही १९९६ पासून उत्पादकांचा न खपलेला नवा माल सामाजिक संस्थांपर्यंत पोचवते. चौथा प्रकार एकाच क्षेत्राला वाहिलेला असतो. इमारतीच्या साहित्याचं उदाहरण द्यायचं तर ब्रसेल्समधली ‘रोटर डीसी’ जुन्या इमारतींतून दारं, फरशा, दिवे, लाकडी पट्ट्या सांभाळून काढते, साफ करते आणि विकते.

पोर्टल निवडताना तिथे किती नोंदी आहेत यापेक्षा त्यातल्या किती मार्गी लागल्या हे विचारा. तुमच्या जवळपास घेणारे किती आहेत तेही विचारा. दूरच्या शहरातले हजार सदस्य जड कपाटाच्या काहीच उपयोगाचे नाहीत.

पैसे लागतात का?

प्रत्येकाची पद्धत वेगळी. कुठे देणारी कंपनी वार्षिक वर्गणी भरते, कुठे विक्रीवर कमिशन असतं, कुठे सरकारी अनुदानावर काम चालतं. लहान संस्थांना घेण्यासाठी बहुधा काही पडत नाही. वर्गणीचा विचार करताना शेजारी दोन आकडे मांडा: भंगार उचलून नेण्याचा आणि विल्हेवाटीचा तुमचा सध्याचा खर्च, आणि संस्थेच्या आतच सामान फिरल्यामुळे वाचणारी नवी खरेदी. दुसरा आकडा बहुतेक वेळा मोठा निघतो, आणि तोच कुणी मोजत नाही.

फुकट द्यावं की विकावं?

चालू मॉडेलचे लॅपटॉप, नामांकित कंपनीच्या खुर्च्या, यंत्रं यांना जुन्या बाजारात भाव असतो. ती विकायला काहीच हरकत नाही. विकलेली वस्तूही वापरातच राहते. साध्या टेबलांच्या आणि कपाटांच्या बाबतीत मात्र भावाची घासाघीस करण्यात जो वेळ जातो, त्यात जागा सोडायची तारीख उलटते. अशा सामानासाठी ‘फुकट, पण स्वतः उचलून न्या’ हा सौदा दोघांनाही परवडतो.

एक मधला मार्गही आहे. पहिले तीन आठवडे विक्रीला ठेवा. गेलं नाही तर संस्थांसाठी फुकट खुलं करा. मात्र ही तारीख आधीच ठरवून नोंदीत लिहा. नाहीतर ‘अजून थोडं थांबू, कुणीतरी घेईल’ म्हणत सामान पडून राहतं आणि शेवटी भंगारातच जातं.

नोंदीत काय काय लिहायचं?

लांबी, रुंदी, उंची. नगांची संख्या. कंपनी आणि मॉडेल माहीत असेल तर तेही. साहित्य: लाकूड, लोखंड की काच. दोष. कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे का, गाडी दारापर्यंत येते का, उचलायला कुठल्या वेळेत यायचं. ‘सुस्थितीत’ हा शब्द एकटा लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘दहा खुर्च्या, दोघींचे हात सैल, एकीची उंची कमी-जास्त होत नाही’ असं लिहिलंत की घेणारा निर्धास्त होतो आणि दारात येऊन परत जात नाही.

मॉड्यूलर वर्कस्टेशनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण ऑफिसांतून सगळ्यात जास्त तीच निघतात आणि सगळ्यात जास्त तीच वाया जातात. चार जणांचं बाकडं म्हणजे चार सुटी टेबलं नव्हेत. मधले पाय दोन टेबलांना सामाईक असतात, खालून एकच लोखंडी तुळई जाते आणि तारांची नळीही तिच्यातूनच जाते. घेणाऱ्याने ‘मला दोन हवीत’ म्हटलं तर उरलेल्या दोघांना एका बाजूला पायच राहत नाहीत. म्हणून नोंद टाकताना नग मोजू नका, जोडसंच मोजा: चौघांचे सहा संच, सहा जणांचे दोन संच. खोलण्याआधी प्रत्येक संचाचा वरून, खालून आणि कोपऱ्यातून फोटो काढा. खोलताना त्या संचाचे स्क्रू, क्लॅम्प आणि ब्रॅकेट एका पिशवीत घालून पिशवी त्याच संचाच्या तुळईला टेपने घट्ट चिकटवा आणि दोन्हींवर एकच क्रमांक लिहा. ड्रॉवरच्या चाव्याही त्याच पिशवीत. सगळ्या संचांचे स्क्रू एकाच गोणीत गेले, की पुढे ते फर्निचर कुणालाच नीट जोडता येत नाही, आणि चांगलं सामान केवळ मूठभर लोखंडापायी भंगारात निघतं. खोलणाऱ्या कामगारांना हे आदल्या दिवशी सांगा. त्यांना ‘लवकर रिकामं करा’ एवढंच सांगितलं असेल तर ते कटर घेऊन येतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

कुठल्या वस्तू देऊ नयेत?

जिच्यावर कुणाचा जीव अवलंबून आहे आणि जिचा इतिहास कळत नाही, अशी वस्तू देऊ नका. वापरलेलं हेल्मेट, उंचीवर काम करतानाचा सुरक्षा पट्टा, मुदत संपलेलं अग्निशामक नळकांडं या गोष्टी बाहेरून ठीक दिसल्या तरी आतून निकामी असू शकतात. ढेकूण किंवा बुरशी लागलेलं गादीचं फर्निचर, ॲस्बेस्टॉस असलेले पत्रे आणि पॅनेल, गळकी बॅटरी यांची जागा या बाजारात नाही. यूपीएस देताना आतली शिशाची बॅटरी तपासा. फुगलेली असेल तर ती काढून अधिकृत संकलकाकडे द्या.

सोफे आणि गादीच्या खुर्च्या देताना आगप्रतिबंधाचं लेबल शाबूत आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये १९८८ च्या नियमांमुळे असं लेबल नसलेलं गादीचं फर्निचर पुनर्वापर केंद्रं घेत नाहीत. साफसफाईच्या नावाखाली ही लेबलं कापून टाकली जातात, ते थांबवा.

जुन्या फ्रिज आणि एसीबाबत थोडा विचार करा. फार जुन्या यंत्रांत ओझोनचा थर विरळ करणारे वायू असतात, ज्यांचा वापर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने बंद होत गेला. शिवाय ती वीजही जास्त खातात. अशी यंत्रं पुढे देण्यापेक्षा वायू रीतसर काढून घेणाऱ्याकडे गेलेली बरी. पुनर्वापर हा जवळजवळ नेहमीच चांगला पर्याय असतो, पण वीज खाणाऱ्या जुन्या यंत्रांना हा नियम डोळे मिटून लावू नये.

कॉम्प्युटर आणि मोबाइल देताना डेटाचं काय?

फाइल डिलीट करणं किंवा साधं फॉरमॅट मारणं म्हणजे डेटा गेला असं नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ क्रमांकाची मार्गदर्शिका जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यात तीन पातळ्या आहेत: वरवरच्या साधनांनी परत मिळणार नाही इतपत पुसणं, प्रयोगशाळेतही परत मिळणार नाही असं पुसणं, आणि माध्यमच नष्ट करणं. बहुतेक ऑफिसांच्या कामाला दुसरी पातळी पुरते आणि तीत यंत्र वापरण्याजोगं राहतं. भीतीपोटी सरसकट सगळ्या डिस्कना ड्रिलने भोकं पाडणं हा चांगल्या लॅपटॉपचा नाहक नाश आहे.

जुनी फिरती हार्डडिस्क आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा साठवणारी डिस्क) यांना एकच उपाय चालत नाही. एसएसडी आपल्या पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून डेटा आतल्या आत हलवत राहते. त्यामुळे वरून दुसरा डेटा लिहिला तरी काही भाग तसाच मागे राहू शकतो. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली सुरक्षित पुसण्याची आज्ञा वापरावी. डिस्क आधीपासून एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवलेली असेल तर तिची किल्ली नष्ट करण्याचा मार्गही आहे. काम झाल्यावर प्रत्येक यंत्राच्या अनुक्रमांकासह प्रमाणपत्र घ्या आणि जपून ठेवा.

दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक, मोठी फोटोकॉपी मशीन. बऱ्याच मशीनच्या आत हार्डडिस्क असते आणि कॉपी केलेल्या, स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. दुसरी, मोबाइल आणि टॅबलेटमधलं खातं. जुन्या कर्मचाऱ्याच्या खात्यातून लॉगआउट न करता दिलेला फोन घेणाऱ्याच्या हातात निव्वळ काचेची वडी ठरतो, कारण तो उघडतच नाही. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यावर ते कुलूप काढणं फार जिकिरीचं होतं. त्यामुळे हे काम तो राजीनामा देतो त्याच आठवड्यात उरका.

डेडस्टॉक रजिस्टरमधून सामान कसं कमी करायचं?

घसारा पूर्ण होऊन पुस्तकी किंमत शून्य झाली तरी वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, असतेच. ती बाहेर पडण्याआधी निर्लेखनाची (नोंदवहीतून वस्तू कमी करण्याची) मंजुरी, बाहेर पडताना नगांची यादी आणि गेटपास, बाहेर पडल्यावर घेणाऱ्याची पोचपावती, असे तीन कागद लागतात. यातली मंजुरी सगळ्यात जास्त वेळ खाते. कित्येक संस्थांत निर्लेखन समिती वर्षातून एक-दोनदाच बसते आणि तिच्यासमोर ‘लिलाव’ आणि ‘नष्ट करणे’ असे दोनच रकाने असतात. ‘पुनर्वापरासाठी हस्तांतर’ हा तिसरा रकाना एकदा मंजूर करून घ्या. हे कंटाळवाणं कागदी काम आहे, पण एकदा झालं की पुढची प्रत्येक खेप सोपी जाते.

कराचं आधी विचारून ठेवा. फुकट दिलं म्हणजे कराचा प्रश्नच नाही, असं अनेक देशांत नसतं. खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतली असेल तर वस्तू मोफत देताना ती परत करावी लागू शकते. उलट काही ठिकाणी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दिल्यास सवलतही मिळते. लेखापालाला एक फोन करा.

वाहतूक कुणी करायची?

आधी ठरलं असेल त्याने. फुकट मिळालेल्या सामानात खरा खर्च असतो गाडी आणि हमालीचाच, आणि ज्या संस्थांना सामानाची गरज जास्त असते त्यांच्याकडे नेमके याच गोष्टीला पैसे नसतात. तुम्ही मोठी कंपनी असाल तर भंगार उचलण्यासाठी धरलेल्या रकमेतून गाडीचा खर्च उचला. तुमच्या हिशोबात फार फरक पडत नाही आणि घेणाऱ्याचा निर्णय एका दिवसात होतो.

घेणारा खोटा निघाला किंवा त्याने सामान विकून टाकलं तर?

चांगलं पोर्टल सदस्यांची नोंदणी कागदपत्रं पाहूनच करतं. तुम्हीही एक प्रश्न विचारा: हे कुठे वापरणार? खरी गरज असलेला माणूस लगेच सांगतो की अमुक खोलीत इतक्या मुलांसाठी हवं आहे. मोघम उत्तर आलं, किंवा तुमच्या यादीतलं सगळंच्या सगळं एका दमात मागितलं, तर थांबा.

आणि विकलं तर? लेखी अट घालायची असेल तर जरूर घाला. पण माझं मत असं, की वस्तू कुणाच्या तरी वापरात आहे तोवर आपला मुख्य हेतू साधला आहे. फार अटी घातल्या तर प्रामाणिक संस्थाही बिचकतात.

नंतर वस्तू बिघडली तर जबाबदार कोण?

हस्तांतराच्या कागदावर ‘जसे आहे तसे, हमीशिवाय’ हे शब्द आणि माहीत असलेल्या दोषांची यादी असावी. तरीही माहीत असलेला धोका लपवला तर हा कागद तुम्हाला वाचवणार नाही, आणि वाचवूही नये. विजेची उपकरणं जाणकाराकडून तपासून, तपासणीची तारीख चिकटवूनच द्या.

आमच्याकडे न खपलेला नवा माल आहे. तो नष्ट करण्याची पद्धत आहे.

ही पद्धत आता कायद्याच्या कचाट्यात येते आहे. न खपलेला बिगर-खाद्य माल नष्ट करण्यावर बंदी आणणारा कायदा फ्रान्सने २०२० मध्ये केला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून मनाई आहे. ‘स्वस्तात गेलं तर ब्रँडचं नाव खराब होईल’ ही भीती असेल, तर लेबल काढून द्या किंवा उघड्या बाजारात जाणार नाही अशी हमी देणाऱ्या धर्मादाय जाळ्यामार्फत द्या. नवा, न वापरलेला माल जाळून टाकणं मला कोणत्याही हिशोबात पटत नाही.

उत्पादनातून उरणाऱ्या साहित्यासाठी ही पोर्टलं चालतात का?

चालतात, पण तिथे खेळ वेगळा असतो. कापडाचे तुकडे, लाकडाचा भुसा, रिकामी पिंपं, पॅलेट असं सामान रोज निघतं, त्यामुळे एकदाच द्यायचं नसून कायमचं गिऱ्हाईक जोडायचं असतं. डेन्मार्कमधल्या कालुंबोर्ग इथे वीजकेंद्र, औषधनिर्मिती, तेलशुद्धीकरण आणि जिप्सम बोर्डाचे कारखाने अनेक दशकं एकमेकांची उरलेली वाफ, पाणी आणि जिप्सम वापरत आले आहेत. तिथे सुरुवात पोर्टलने झाली नाही, शेजारच्या कारखान्यांची माणसं एकमेकांना ओळखत होती म्हणून झाली. पोर्टलचा उपयोग इतकाच, की ज्यांची ओळख नाही त्यांची करून देणं. पुढचे करार समोरासमोर बसूनच होतात.

परदेशातल्या संस्थेला जुने कॉम्प्युटर पाठवता येतील का?

विचारपूर्वकच. ‘दान’ या नावाखाली बंद पडलेली यंत्रं गरीब देशांत जाऊन साठण्याचा इतिहास मोठा आहे. त्यासाठीच घातक कचरा एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर बंधनं घालणारा १९८९ चा बासेल करार आहे. त्यातल्या दुरुस्तीनुसार १ जानेवारी २०२५ पासून घातक असो वा नसो, सगळा ई-कचरा सीमेपार नेताना घेणाऱ्या देशाची आगाऊ संमती लागते. प्रत्येक यंत्र तपासलेलं, चालू स्थितीतलं आणि नीट बांधलेलं असेल, चाचणीचे कागद सोबत असतील, तरच हा विचार करा. त्याआधी जवळपास कुणाला हवं आहे का ते पाहा.

किती कार्बन वाचला हे अहवालात कसं दाखवायचं?

बहुतेक पोर्टलं वजनावरून आणि वस्तूच्या प्रकारावरून अंदाज काढून देतात. तो अंदाज आहे, हे अहवालातही तसंच लिहा. जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या प्रचलित मोजणीपद्धतीनुसार असं ‘टळलेलं’ उत्सर्जन तुमच्या एकूण उत्सर्जनातून वजा करता येत नाही, ते वेगळं दाखवावं लागतं. शिवाय घेणाऱ्याने ती वस्तू एरवी नवी घेतलीच असती का, हाही प्रश्न आहे. त्यामुळे मी तर आधी साधे आकडे देईन: इतके नग, इतकं वजन, इतक्या संस्थांना, आणि इतकी नवी खरेदी टळली.

आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. चांगलं सामान मिळवायचं तर काय करावं?

‘हवं आहे’ अशी नोंद टाका, नुसती यादी चाळत बसू नका. किती, कोणत्या मापाचं, कधीपर्यंत, हे नेमकं लिहा. दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण आधी मोजून ठेवा. सामान आवडूनही ते आत जात नाही म्हणून परत पाठवण्यात देणाऱ्याची आणि तुमची, दोघांचीही ओढाताण होते. मागणीला उत्तर आलं की त्याच दिवशी कळवा, आणि ठरल्या वेळी पुरेशी माणसं घेऊन जा.

नको असलेलं संकोचाने घेऊ नका. ‘फुकट आहे, असू दे’ म्हणून आणलेली पाच जास्तीची कपाटं तुमच्याकडची वर्गाची जागा खातात आणि पुढे त्यांची विल्हेवाट तुमच्याच खर्चाने होते. नाही म्हटल्याने देणारा रागावत नाही. सामान जागेवर बसल्यावर त्याला एक फोटो पाठवा. पुढच्या वेळी त्याच्या वरिष्ठांची मंजुरी लवकर मिळते ती बऱ्याचदा या फोटोमुळे.

आमचा धंदा लहान आहे. आमच्याकडे असं किती सामान निघणार?

कमी निघेल, पण घेण्यासाठी तुम्हाला या बाजाराचा सगळ्यात जास्त उपयोग आहे. नव्याने सुरू होणाऱ्या धंद्याला ज्या रॅक, टेबलं, काउंटर लागतात, त्याच बंद होणाऱ्या शाखांतून निघतात.

नोंद टाकली, पण कुणी मागितलंच नाही. आता?

आधी नोंद तपासा: माप आहे का, फोटो उजेडात काढलेला आहे का, उचलायची वेळ फक्त कामाच्या दिवशी दुपारी अशी अडचणीची आहे का. मग मोठा संच फोडा. दीडशे खुर्च्या एकदम घेणारा एकही मिळत नाही, पण दहा-दहा घेणारे पंधरा मिळतात. नंतर जवळच्या शाळा, वाचनालयं, क्रीडामंडळं, छोटे उद्योग यांना थेट कळवा. पोर्टलवर नसलेले घेणारेही भरपूर असतात.

एवढं करूनही काही वस्तू उरतील. मोडकळीला आलेली, जुन्या मापाची, ज्यांचे भाग मिळत नाहीत अशी. त्यांतलं वापरण्याजोगं काढून घ्या: बिजागऱ्या, चाकं, कुलुपं, काचा. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना हे सुटे भाग हवेच असतात. बाकीचं अधिकृत रिसायकलरकडे द्या, त्याची पावती घ्या, आणि ते सामान का गेलं नाही याचं कारण नोंदवहीत एका ओळीत लिहून ठेवा. पुढचं फर्निचर घ्यायच्या वेळी खरेदी विभागाला ती ओळ दाखवा, म्हणजे सुटे भाग मिळणारं आणि सहज खोलता-जोडता येणारं सामान घेण्याचा आग्रह धरता येईल.